मत शिक्षकांचं, बाजू कुणाची?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक एका ग्रामीण अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतात. वय ४५. २००८ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागल्या, आता नववी-दहावी त्यांच्याकडे असते. मार्च २०२३ मधल्या जुन्या पेन्शनच्या संपात त्यांनी तालुक्यातल्या शिक्षकांना एकत्र ठेवलं. तेव्हापासून कुणाचंही काम अडलं की फोन त्यांनाच येतो. आता संघटनेचा आग्रह आहे की विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातून त्यांनी उभं राहावं. एका पक्षानेही पाठिंब्याची तयारी दाखवली आहे. पतीला हे पसंत नाही. चांगली नोकरी आणि घरचा पैसा दोन्ही जाईल, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापक विचारतात, दहावीचा वर्ग कुणाच्या भरवशावर टाकणार? आणि बाईंचा स्वतःचा प्रश्न असा: "राजकारणात गेले तर मी शिक्षिका उरेन का? आणि नाही गेले, तर पळपुटी ठरेन का?"

बाई, नमस्कार.

तुमचे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण दोन्ही तुमच्याचभोवती फिरतात. मी कोण उरेन, मी कोण ठरेन. वर्ग म्हणजे पवित्र जागा, विधान भवन म्हणजे चिखल, आणि जो जातो तो एक तर त्याग करतो किंवा बिघडतो, असं गृहीत धरलं की असेच प्रश्न पडतात. ते थोडे बाजूला ठेवू या. त्याऐवजी हे विचारून पाहा: असं कोणतं काम आहे जे शाळेत राहून माझ्या हातून होत नाही, पण सभागृहात जाऊन होऊ शकेल? आणि ते मी कुणासाठी करणार आहे?

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आपल्या राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानं विधान परिषदेतल्या साधारण एक-बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या ठेवल्या. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ जागांपैकी अशा सात आहेत. मतदार कोण, तर माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेला शिक्षक. म्हणजे हायस्कूलचे शिक्षक आले, कनिष्ठ महाविद्यालयाचे आले, प्राध्यापक आले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरओळख करून देणाऱ्या गुरुजींना मात्र या निवडणुकीत मत नाही. अंगणवाडीताईंना नाही. नुकत्याच लागलेल्या शिक्षणसेवकालाही तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत नाही. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या मुलांना तर नाहीच नाही.

तुम्ही निवडून आलात तर शिक्षकांच्या मतांवर याल. त्यात गैर काही नाही. २० किंवा ४० टक्के अनुदानावर वर्षानुवर्षं अडकलेला शिक्षक संसाराच्या काळजीत वर्गात उभा राहतो, तेव्हा नुकसान मुलांचंही होतं. बहुतेक वेळा शिक्षकाचं हित आणि मुलांचं हित एकाच दिशेला असतं. पण नेहमी नसतं. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला घराजवळची शाळा हवी असते, आणि दूरच्या वाडीतल्या शाळेत विज्ञानाला माणूस नसतो. परीक्षा केंद्रावर सामूहिक कॉपी होऊ दिली म्हणून कारवाई होते, आणि ज्यांच्यावर होते ते तुमचे मतदार असतात. ते रात्री तुम्हाला फोन करतील. तेव्हा तुम्ही काय म्हणाल?

याचं उत्तर निवडणुकीनंतर सापडत नाही. तेव्हा उपकार, ओळखी, पुढच्या वेळची गणितं सगळी मध्ये येतात. म्हणून आत्ताच एका कागदावर लिहा: कोणत्या बाबतीत मी माझ्याच मतदाराला नाही म्हणेन? दोन-तीन गोष्टी जरी मनापासून लिहिता आल्या, तरी तुमची निम्मी घालमेल मिटेल. कागद कोराच राहिला, तर संघटनेचं काम तुमच्यासाठी जास्त योग्य आहे. तेही मोठं काम आहे. पण संघटनेनं सभासदांची बाजू घ्यायची असते. कायदा करणाऱ्यानं, जे सभासद नाहीत त्यांचाही विचार करायचा असतो.

आधीच्या पिढीतले दोन शिक्षक मला इथे आठवतात. ग. प्र. प्रधान पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मग पुणे पदवीधर मतदारसंघातून ते विधान परिषदेवर गेले आणि १८ वर्षं राहिले. त्यातला आणीबाणीचा काळ त्यांनी तुरुंगात काढला, आणि पुढे ते परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. दुसरे एन. डी. पाटील. रयत शिक्षण संस्थेतले प्राध्यापक. विधान परिषदेत १८ वर्षं, १९७८ च्या सरकारात सहकारमंत्री, १९८५ ते १९९० कोल्हापूरचे विधानसभा सदस्य. त्यांची ओळख राहिली ती शेतकरी-कष्टकऱ्यांच्या लढ्यांमुळे आणि कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनासारख्या लढ्यांमुळे. ज्यांनी मतं दिली तेवढ्यांपुरतं दोघांनीही स्वतःला बांधून घेतलं नाही. लोक त्यांना शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिले.

पण हेही लक्षात घ्या की दोघेही रोजच्या तासाला परत गेले नाहीत. प्रधान पुढे 'साधना' साप्ताहिकाच्या संपादनात रमले, एन. डी. रयतच्या कारभारात. तुमच्या पत्रात "सहा वर्षांनी परत येईनच" असं एक वाक्य आहे. त्या वाक्यावर फार भार टाकू नका. सदस्याची मुदत सहा वर्षांची, तेव्हा तुम्ही ५१-५२ च्या असाल, निवृत्तीला सहा-सात वर्षं उरलेली. कागदोपत्री परतता येईलही. पण सहा वर्षं पाच-सहा जिल्हे फिरलेला माणूस सकाळी पहिल्या तासाला बीजगणिताच्या त्याच उत्साहात उभा राहील का, हे आज कुणी सांगू शकत नाही. जायचं तर परतायचं नाही असं समजून जा. परतणं झालं तर आनंदच.

मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर व्यवस्थापनाचं आहे. तुमच्या जागी कोण येणार, कधी, याचा आग्रह तुम्ही जरूर धरा. वर्ष मध्येच सोडावं लागणार असेल तर दहावीऐवजी आठवी मागून घ्या. पण "तुझ्यावाचून चालणार नाही" या शब्दांना बायका फार लवकर बांधल्या जातात, घरीही आणि शाळेतही. तुमच्या जागी कुणी शिक्षक उभा असता, तर त्याला हा प्रश्न याच सुरात विचारला गेला असता का?

आता सभागृहाच्या ताकदीबद्दल. तुमच्या पत्रात "एकदा आत गेले की पेन्शनचा प्रश्न लावून धरते" असं आहे. लावून धरता येईल, पण परिषदेच्या हातात काय आहे ते समजून घ्या. सरकार विधानसभेला जबाबदार असतं. परिषद ते पाडू शकत नाही. अर्थविधेयक परिषदेला फार तर १४ दिवस ठेवून घेता येतं. साधं विधेयकही परिषद काही महिने लांबवू शकते, कायमचं अडवू शकत नाही. जुन्या पेन्शनचा निर्णय हा पैशाचा निर्णय आहे आणि तो मंत्रिमंडळातच होणार.

मग परिषदेचा उपयोग काय? वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. दुष्काळात हाताला काम मिळालंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी चिकाटीनं मांडली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि पुढे देशभराच्या कायद्याला त्यातून वाट मिळाली. अमरावती पदवीधर मतदारसंघातून प्रा. बी. टी. देशमुख तीस वर्षं परिषदेत होते. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषावर ते आकडेवारी घेऊन उभे राहत. परिषदेत वजन येतं ते अभ्यासानं आणि पाठपुराव्यानं. शिक्षकाला या दोन्हींची सवय असते, आणि तुमच्याकडे ती आहे असं मला तुमच्या पत्रावरून ठामपणे वाटतं.

ते कशावरून, हे सांगते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की तालुक्यातल्या कोणत्या शिक्षकाला कोणत्या अशैक्षणिक कामासाठी किती दिवस वर्गाबाहेर काढलं, याची एक वही तुम्ही दोन वर्षं ठेवली आहे. "असंच, सवय म्हणून." बाई, ही वही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून शिक्षकाला इतर बिगर-शैक्षणिक काम देता येत नाही. तुमच्या वहीत किती दिवस या तीन कामांचे आहेत आणि किती त्याबाहेरचे, हे वेगळं काढलंत की एक तारांकित प्रश्न तयार होतो. मंत्र्यांना त्याचं सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत आलं तर उपप्रश्न विचारता येतो. मंत्र्यांनी आश्वासन दिलं तर ते पाळलं का, हे पाहायला आश्वासन समिती असते. न केलेला गृहपाठ सारवून सांगणारा मुलगा तुम्ही पहिल्याच वाक्याला ओळखता. सभागृहात तीच नजर लागते.

याच पद्धतीनं तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारींची छाननी करा. कुणाचा पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी अडलाय, कुणाचं वैद्यकीय बिल पडून आहे. ही कार्यालयातल्या पाठपुराव्याची कामं. त्यासाठी आमदार लागतो असं आपल्याला वाटतं, कारण आमदाराच्या फोनशिवाय फाइल हलत नाही. पण सहा वर्षं फक्त असे फोन करण्यात गेली तर तुम्ही मोठ्या पदावरच्या कारकून व्हाल. टप्पा अनुदान, संचमान्यतेचे निकष ही शासन निर्णयांची बाब. तिथे प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा यांचा खरा उपयोग आहे. आणि काही गोष्टी राज्याच्या आमदाराच्या हातातच नसतात. पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल घ्या. मूळ कायदा संसदेचा आहे. "मी टीईटी रद्द करून आणते" असं आश्वासन कुणी प्रचारात दिलं तर ते खोटं आहे, आणि तुम्ही ते देऊ नये.

संघटना आणि पक्ष यांच्याबद्दल सावध राहून बोला. या जागेसाठी उमेदवार शिक्षकच असावा अशी कायद्यात अट नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच स्पष्ट केलं; तोच तर्क इथे लागू होतो. मुंबईतून कपिल पाटील पत्रकारितेतून आले आणि २००६ पासून लागोपाठ तीन वेळा शिक्षकांनी त्यांना निवडून दिलं. त्यामुळे "मी तुमच्यातलीच" एवढ्यावर मत मागता येणार नाही. संघटनेला तुम्ही का हव्या आहात, हे त्यांना सरळ विचारा. तुमचं काम हवंय, की एका शिक्षिकेचा स्वच्छ चेहरा हवाय आणि निर्णय पडद्यामागून दुसरंच कुणी घेणार आहे?

पक्षाचा पाठिंबा म्हणजे नेमकं काय, हेही विचारून घ्या. पक्षाच्या अधिकृत उमेदवार म्हणून निवडून आलात तर पक्षादेश लागू होतो. तो मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. पाठिंबा घेऊन अपक्ष उभ्या राहिलात तर मोकळीक राहते, मात्र निवडून आल्यावर त्या पक्षात प्रवेश करता येत नाही. केला तर अपात्रता ओढवते. शिक्षकांच्या प्रश्नावर पक्षाची भूमिका तुमच्या विरुद्ध गेली तर काय करायचं, हे आज बोलून ठेवा.

आणि पैसा. पाकिटं, कपडे, जेवणावळी यांच्या बातम्या शिक्षक मतदारसंघातूनही येतात, हे शिक्षक म्हणून आपल्याला लाज आणणारं आहे. तुम्ही ते करणार नाही, हे तुमचं पत्र सांगतं. पण तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी केलं तर थांबवण्याची ताकद तुमच्याकडे आहे का? उमेदवारी अर्ज भरण्याआधी हे संघटनेच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगा.

तुमच्या पतीची काळजी मला अडथळा वाटत नाही. ते हिशेब मागत आहेत आणि तो त्यांना मिळायला हवा. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. ती रक्कम मोठी नाही. मोठा खर्च फिरण्याचा. पुणे विभागात पाच जिल्हे येतात, नागपूरला सहा, मराठवाड्यात आठ. गाडी, डिझेल, छपाई कोण देणार, हे लेखी घ्या. मुलांच्या शिक्षणाच्या ठेवी आणि राहतं घर यांना हात लावायचा नाही, हे दोघांनी मिळून ठरवा आणि मग त्यात बदल करू नका. अजून एक गोष्ट घरी बोलून ठेवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या तुमच्यासारख्या शिक्षकाला जुनी पेन्शन नाही, आणि आमदाराला मात्र एका मुदतीनंतर निवृत्तिवेतन सुरू होतं. मतदार हे तुम्हाला पहिल्याच सभेत विचारतील. तुम्ही ते घेणार की नाही, घेतलं तर काय करणार, याचं उत्तर तुमचं स्वतःचं असायला हवं.

नोकरीचं काय होईल, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यातल्या निवडणूक आणि रजेच्या तरतुदी वकिलाबरोबर बसून वाचा. लाभाच्या पदाचा मुद्दाही (सरकारी लाभाचं पद असेल तर आमदारकीला बाधा येऊ शकते) त्याच बैठकीत तपासून घ्या. (जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळेतल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही.) संस्थेला विचारायचं ते पत्रानं विचारा, आवक क्रमांक घ्या.

उभं राहायचं ठरलं तर काम भाषणांपासून सुरू होत नाही, मतदार नोंदणीपासून होतं. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं तयार होते. मागच्या वेळी मत दिलेल्या शिक्षकालाही पुन्हा नमुना १९ भरावा लागतो, सोबत शाळेचं सेवेचं प्रमाणपत्र लागतं, आणि १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख असते. कितीतरी शिक्षकांना हे मतदानाच्या दिवशी कळतं. तुम्ही उभ्या राहा किंवा नका राहू, यंदा तालुक्यातली एकही विनाअनुदानित शाळा नोंदणीतून सुटणार नाही एवढं बघा. मतदान पसंतीक्रमानं असतं. नावापुढे आकडा लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्या पेननंच; पहिल्या पसंतीचा १ कुठेच लिहिला नाही किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतंही मागावी लागतात. ती मागायची तर प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकाशीही सन्मानानं बोलावं लागतं. तुम्हाला ते जमेल.

नाही उभं राहायचं ठरलं, तरी पळपुटेपणाचा प्रश्न येत नाही. ती वही नीट मांडून तुमच्या विभागाच्या शिक्षक आमदारांना द्या, प्रश्नाचा मसुदा स्वतः लिहून द्या, आणि उत्तर आलं की त्याचं पुढे काय झालं ते शिक्षकांना कळवत राहा. चांगला प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला असं कुणीतरी खालून माहिती पुरवत असतं.

मला विचाराल तर माझं मत तुम्ही उभं राहावं असं आहे, पण घाईनं नाही. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. सदस्याकडून पास घेऊन दोन दिवस परिषदेच्या प्रेक्षक गॅलरीत बसून या. पतीलाही न्या. प्रश्नोत्तराचा तास बघा, आणि दुपारनंतर बाकं रिकामी झाल्यावरही कोण बसून बोलतं ते बघा. तिथे स्वतःला बसलेलं पाहता आलं आणि नकाराचा तो कागद भरला असेल, तर संघटनेला होकार कळवा. संस्थेचं लेखी उत्तर किंवा खर्चाचा लेखी हिशेब यातलं एकही हातात आलं नसेल, तर या वेळी अर्ज भरू नका. दुसरा योग्य उमेदवार असेल तर त्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही करा. उमेदवाराला अशा दहा मतदारांच्या सह्या लागतात.